साताला बावीस

संमतीपत्रावर सह्या आणायला
मुलांनी चार दिवस लावले.
घरच्यांना वाटलं सहल आहे.
मी लिहून कळवलं : सहल नाही, गणित आहे.
तरी डब्यांतून पुऱ्या आल्याच.

सातवी ब. पटावर चौतीस, हजर एकतीस.
डिसेंबरची सकाळ, स्वेटरच्या बाह्या नाकाला पुसत
रविवार कारंजावरून आम्ही खाली उतरलो.
हातात शिंप्याच्या टेपा, सुतळीचा बिंडा,
मधोमध मोडलेली एक फूटपट्टी,
आणि वहीत तीन रकाने :
आडवं. वेढा. तिसऱ्याला नाव नाही.
ते सांगायचं नाही असं मी रात्रीच ठरवलं होतं.
अकरा वर्षं फळ्यावर आधी उत्तर लिहून
मग प्रश्न विचारत आले,
सवय जिभेवर येऊन बसते.

तांबट आळी आधी कानाला लागते,
डोळ्यांना मागाहून.
ठोक्याला ठोका, त्याला पलीकडच्या दुकानातून तिसरा.
एकतीस मुलांचा गलका
त्यात असा बुडाला की
वर्गात कधी नव्हे ती शांतता
मला त्या गोंगाटात मिळाली.

मेहजबीन घागरीला सुतळीचा वेढा देत होती.
किसन बेंडकुळे हंड्यात तोंड घालून
स्वतःच्याच नावाने हाका मारत होता.
मी रागावले नाही.
(रागावले होते. ऐकू गेलं नाही.)

मग पायरीवर बसून भागाकार.
तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक दोन.
दोन पूर्णांक नऊ : सुतळी ढिली होती.
हर्षलचं साडेतीन.
कारण त्याने नेमकं
पोचा आलेलं, मोडीतलं पातेलं उचललं होतं,
आणि ते बदलायला तो तयार नव्हता.
"हेपण भांडंच आहे ना, बाई?"

रंगनाथ तांबटांनी मान वर केली नाही.
"काय हुडकताय?"
"आडव्याचं आणि वेढ्याचं नातं," मी ओरडून म्हटलं.
"साताला बावीस," ते म्हणाले.
मग हातोडी थांबवून, जरा विचार करून,
"आणि सांध्याला बोटभर जास्त.
ते विसरलं की पाणी राहत नाही."
आणि पुन्हा ठोका.

एकतीस चेहरे माझ्याकडे वळले,
घरातला खाऊ मी लपवून ठेवला होता
आणि शेजाऱ्याने वाटून टाकला, असे.

"हे पुस्तकातून यांनी घेतलं,
की यांच्याकडून पुस्तकाने?"
किसनने विचारलं. हंड्यातला किसन.
पाठ वळवायला जवळ फळा नव्हता.
मी म्हटलं, माहीत नाही.
ते त्याने वहीत लिहून घेतलं.

परतल्यावर पगार बाई म्हणाल्या,
दोन धडे मागे आहात.
विस्तार अधिकाऱ्यांनी फाइल चाळली,
फोटो पाहिले, विचारलं, निष्पत्ती?
मी लिहिलं : विद्यार्थ्यांनी परीघ व व्यास
यांतील संबंध स्वतः शोधला.
'स्वतः' हा शब्द खोडला. पुन्हा लिहिला.
हर्षलचं साडेतीन तक्त्यात बसेना,
ते मी पेन्सिलीने कडेला ठेवलं.

काल घटक चाचणीचे पेपर तपासले.
प्रश्न चौथा, दोन गुण :
सात सेंमी त्रिज्येची कडी करायची आहे,
तार किती लागेल?
उत्तरसूचीत चव्वेचाळीस.
मेहजबीन पठाणच्या सुवाच्य अक्षरात
चव्वेचाळीस सेंमी,
आणि त्याखाली :
सांध्याला बोटभर जास्त.

लाल पेनने अर्धा गुण कापला.
चहा घेतला. परत दिला.
बेरीज अजून केलेली नाही.
पेपर टेबलाच्या खणात आहे,
आणि खण नीट बंद होत नाहीये.